झेंड्याआधीचा आकडा

जेनोवेफाबाई क्रोबिनच्या स्टेडियमच्या फाटकाशी गोल कडक पाव विकायच्या. मध्ये भोक, वर खसखस, आणि दोरीत माळेसारखे ओवलेले. त्या वर्षी रेमेक वोज्नित्स्की फाटकातून आत शिरू लागला की त्या माळेतला एक पाव सोडवायच्या, त्याच्यापुढे धरायच्या आणि साखर कारखान्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "घे रे बाळा. तुझाच आकडा आहे. ताजा आहे!"

लोक हसायचे. रेमेकही हसायचा, कारण न हसून सांगणार कुणाला? आकडा खरोखर त्याचाच होता. एप्रिलपासून तो मोटरसायकलच्या अकरा शर्यती धावला होता. एका शर्यतीत चार जण सुटतात, मातीच्या गोल धावपट्टीवर चार फेऱ्या मारतात, पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि शेवटच्याला भोपळा. रेमेककडे एवढे भोपळे जमले होते की आईने त्यांचं लोणचं घातलं असतं तर हिवाळा निघाला असता.

क्रोबिनमध्ये रविवारी तीन गोष्टी व्हायच्या. सकाळी चर्च, दुपारी शेवया घातलेलं कोंबडीचं सूप, आणि चार वाजता मोटरसायकलच्या शर्यती. पहिल्या दोन चुकल्या तर देव माफ करायचा. तिसरी चुकली तर शेजारी करायचे नाहीत. गावात साबण मिळायचा नाही, मांसासाठी पहाटे रांग लागायची, पण स्टेडियम भरायचं. इंजिनात जळणाऱ्या एरंडेल तेलाचा वास बाजारचौकापर्यंत यायचा, आणि तो नाकात गेला की मरायला टेकलेली म्हातारी माणसंसुद्धा उशीवरून मान उचलायची.

आणि प्रत्येकाच्या हातात शर्यतींचं छापील पत्रक असायचं. कोण कितव्या शर्यतीत, कुठल्या रंगाचं शिरस्त्राण, आणि नावापुढे एक रिकामी चौकट. शर्यत संपली की चौकटीत गुण लिहायचे. पत्रक न भरता शर्यत पाहणारा माणूस क्रोबिनमध्ये एक तर पाहुणा समजला जायचा, नाहीतर हेर.

रेमेकचे वडील तेओफिल कारखान्यात बॉयलरवर होते. बावीस वर्षं ते एकाच फळीवर, पहिल्या वळणासमोर बसत आले होते. त्यांची बावीस वर्षांची पत्रकं घरातल्या कपाटात, रविवारच्या मेजपोशांखाली रचून ठेवलेली होती, आणि त्यांत कुठे खाडाखोड नव्हती. त्यांचा नियम एकच. चौकडीचा झेंडा पडेपर्यंत शाईचं पेन खिशातून काढायचं नाही. "आधी लिहिलं की गाडी पडते," ते म्हणायचे. हे त्यांनी मस्करीत म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

जेनोवेफाबाई त्यांच्या मागच्याच फळीवर बसत. त्यांना असले नियम मान्य नव्हते. रेमेकच्या नावापुढे त्या शर्यत सुटायच्या आधीच शाईने शून्य काढून मोकळ्या व्हायच्या. "माझा वेळ वाचतो," म्हणायच्या. तेओफिल मागे वळून बघायचेसुद्धा नाहीत. झेंडा पडला की पेन काढायचे, टोपण उघडायचे, आणि स्वतःच्या मुलाच्या नावापुढे नीट, गोल, वळणदार शून्य काढायचे. शेजाऱ्याच्या मुलापुढे काढायचे तसंच.

घरी यायचं, बूट काढायचे, पत्रक कपाटात ठेवायचं, आणि "बटाटे झाले का?" एवढंच विचारायचं. रेमेकला वाटायचं, बाबांनी एकदा तरी शिवी घालावी.

खरं तर पोराला गाडी येत नव्हती असं मुळीच नाही. वळणावर तो बघण्यासारखा होता. या गाडीला ब्रेक नसतो. गती मोडायची ती गाडी आडवी सरकवूनच, डावा पाय लोखंडी तळव्याच्या बुटात मातीवर घासत. रेमेक सरावाला ते असं करायचा की म्हातारा वालेरियन ओठातली सिगारेट काढायला विसरायचा. वालेरियन म्हणजे क्लबचा प्रशिक्षक आणि मेकॅनिक, दोन्ही. कारण दुसरा पगार द्यायची क्लबची ऐपत नव्हती. तरुणपणी तो स्वतः धावायचा. त्याचा एक गुडघा कधीच वाकत नसे, म्हणून बाकावर बसला की त्याचा पाय वाटेत यायचा.

रेमेकचं घोडं पेंड खायचं ते सुरुवातीला. चौघांसमोर आडवी फीत ताणलेली असते, ती झटक्यात वर उडते आणि गाड्या सुटतात. ती उडायच्या आत चाक लागलं की बाद. त्याच्या पहिल्यावहिल्या शर्यतीत, सहा हजार लोकांसमोर, रेमेकने घाई केली आणि फीत गळ्यात घालून घेतली. बाद! त्या दिवशी जेनोवेफाबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. "अरे, शून्य मिळवायलासुद्धा शर्यत पुरी करावी लागते!"

तेव्हापासून फीत वर गेल्याची खात्री झाल्याशिवाय त्याची बोटं क्लच सोडायचीच नाहीत. तेवढ्यात बाकीचे तिघे पहिल्या वळणावर पोचलेले असायचे आणि रेमेकच्या तोंडावर त्यांनी उडवलेली माती.

वालेरियनने उपाय केले. वर्कशॉपमागे दोन खांब रोवले, त्यांच्यामध्ये बायकोच्या जुन्या परकराचं इलॅस्टिक ताणलं आणि रोज संध्याकाळी पन्नास वेळा ते सोडलं. तिथे रेमेक बंदुकीच्या गोळीसारखा सुटायचा.

"मग रविवारी काय धाड भरते तुला?" वालेरियन ओरडायचा.

"काका, रविवारी ती फीत लोखंडाची होते."

"फीत तीच असते, गाढवा. लोखंड तुझ्या बोटांत भरतं."

सप्टेंबरच्या शेवटी वालेरियनने त्याला वर्कशॉपमध्ये बोलावलं. एका कोपऱ्यात ल्युत्सेक नावाचा नवा पोरगा साखळीला तेल घालत होता. गेल्याच महिन्यात त्याची परवाना परीक्षा झाली होती आणि रिवाजाप्रमाणे त्याला मागच्या चाकावर पालथा पाडून सगळ्यांनी पट्ट्याचे फटके घातले होते. अजून त्याला धड बसता येत नव्हतं आणि त्याच आनंदात तो होता.

"तरुण पोरांसाठी क्लबकडे गाडी एक आहे," वालेरियन म्हणाला. "पोरं दोन. अध्यक्ष म्हणतात, एक गुण. रेमेक, मोसमात एक सामना उरलाय. त्यात एक गुण आण, म्हणजे वसंतात गाडी तुझी. नाही आणलास तर ल्युत्सेकची."

"आणि मी?"

"तू कारखान्यात जाशील. तुझ्या बापासारखा. त्यात वाईट काय आहे?"

वाईट काहीच नव्हतं. पण रेमेकची नजर गाडीवर गेली. ही गाडी, तिच्या टाकीवरचा सोललेला रंग, वळणावर मागचं चाक सुटताना पाठीच्या कण्यातून जाणारी ती शिरशिरी, हे सगळं आता दुसऱ्याचं होणार. घरी त्याने काही सांगितलं नाही. पण क्रोबिनमध्ये एका घरी दूध उतू गेलं की दुसऱ्या घरी वास येतो. रात्री जेवताना तेओफिल बटाट्यावर ताजं चीज घेता घेता म्हणाले, "एकच म्हणालेत ना?"

"हो. एकच."

"हं," तेओफिल म्हणाले, आणि बटाटा संपवला.

शेवटचा सामना ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, स्टाव्नोच्या संघाशी होता. बीटाचा हंगाम सुरू झाला होता. रस्ताभर ट्रॉल्यांतून सांडलेले बीट आणि चिखल. फाटकाशी जेनोवेफाबाईंनी पाव पुढे केला, पण त्याचा चेहरा बघून त्यांनी आवाज थोडा खाली घेतला. "घे. पोटात काहीतरी असू दे." त्याने घेतला नाही.

पहिली शर्यत. शून्य. दुसरी शर्यत. शून्य. दोन्ही वेळा फीत वर जाऊन पार खांबाला टेकली तेव्हा कुठे त्याची बोटं सुटली. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा वालेरियनने त्याच्याकडे बघितलंही नाही, नुसता चष्मा पुसला. ल्युत्सेक बिचारा दुसरीकडे तोंड करून उभा होता. वसंतात गाडी मिळणार हा आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तो धडपडत होता, आणि ते रेमेकला जास्त लागलं.

राहिली होती एक. सामन्याच्या पत्रकातली बारावी.

त्या शर्यतीत रेमेकबरोबर आपला झेनॉन होता, संघातला सगळ्यात भरवशाचा गडी. समोर स्टाव्नोचा कर्णधार कायेतान द्रवाल आणि त्यांचा एक तरुण पोरगा. फीत उडाली. रेमेक पुन्हा मागे. पण स्टाव्नोच्या पोराचं इंजिन खोकत होतं. तिसऱ्या फेरीत रेमेकने बाहेरून, कुंपणाला खांदा घासेल इतक्या बाहेरून, गाडी काढली आणि त्याला मागे टाकलं. तिसरा! आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पुढे दोनच पाठी होत्या. झेनॉन पहिला, कायेतान दुसरा, आणि मग तो. तिसरी फेरी संपली. स्टँडमध्ये लोक उभे राहिलेत हे त्याला शिरस्त्राणातूनही कळलं. एक गुण. फक्त एक फेरी.

चौथ्या फेरीच्या पहिल्या वळणावर कायेतानने झेनॉनला आतून गाठायला बघितलं. खाचेत चाक गेलं, गाडी उसळली, आणि कायेतान धावपट्टीवर, रेमेकच्या बरोबर समोर, पालथा.

ब्रेक नाही. डावीकडे कायेतान, उजवीकडे त्याची लोळणारी गाडी. मधून जायला कदाचित जागा होती. कदाचित. रेमेकने तो विचार पुरा केला नाही. त्याने स्वतःची गाडी आडवी पाडली, तिच्यासोबत स्वतः पडला, आणि दोघं फरफटत कुंपणावर जाऊन आदळले. कायेतानपासून हातभर अंतरावरून.

लाल दिवा लागला. शर्यत थांबली.

तो उठला तेव्हा सगळं अंग शाबूत होतं. गाडीचं नव्हतं. पुढचं चाक धरणारा काटा वाकून बगळ्याच्या मानेसारखा झाला होता.

पंचांनी निर्णय दिला. कायेतान स्वतःच्या चुकीने पडला, म्हणून तो बाद. उरलेले तिघे पुन्हा धावणार.

वालेरियन लंगडत, पळत आला. "ऐकलंस का? तिघेच! पुरी केलीस तरी तिसरा. एक गुण!" मग त्याने गाडीकडे बघितलं. क्लबची दुसरी गाडी पाचव्या शर्यतीतच धूर काढून बसली होती. आणि हिरवा दिवा लागला की रेषेवर यायला दोन मिनिटं. न येणारा बाद.

"झेनॉनची जादा गाडी?" रेमेकने विचारलं.

"तीच तर बसलीये."

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "माझी जादा गाडी घे."

कायेतान द्रवाल उभा होता. एका हाताने दुसरं मनगट धरून, मातीने भरलेला, कपाळावरून रक्ताचा ओघळ. त्याच्यामागे स्टाव्नोचा व्यवस्थापक धावत आला. "कायेतान, डोकं आपटलंय का तुझं? सामना चाललाय! त्यांना गाडी देतोस?"

"आपटलंय. म्हणूनच अक्कल आलीये," कायेतान म्हणाला. "या पोराने गाडी टाकली नसती, तर तुम्ही आत्ता माझ्या बरगड्या वेचत बसला असतात. व्हा बाजूला."

स्टाव्नोच्याच मेकॅनिकने गाडी ढकलत आणली. कायेतानने रेमेकचा हात हँडलवर ठेवला आणि तोंड जवळ आणून भराभर सांगितलं, "नीट ऐक. माझा क्लच उशिरा धरतो. फीत उडालेली बघून सोडलास तर भाजी आणायला निघाल्यासारखा जाशील. फितीकडे बघायचंच नाही. फितीला वर ओढणारी खांबावरची पट्टी बघ. ती आधी थरथरते. थरथरली की सोड. तुला वाटेल, बाद झालो. वाटू दे."

"ए, काही सोडूबिडू नकोस!" वालेरियन मध्ये पडला. "रेमेक, इकडे बघ. तुला फक्त चार फेऱ्या मारायच्यात. आजीला चर्चला नेतोयस असं समज. फितीला लागलास तर सगळं गेलं. कळलं? गुण हातात आहे."

गुण हातात होता, हे खरंच. हिरवा दिवा लागला, रेमेक रेषेवर आला, बुटाने चाकाखालची माती उकरून सारखी केली. शेजारी झेनॉन. पलीकडे स्टाव्नोचा पोरगा. आता थांबून फीत पार वर जाऊ दिली आणि सावकाश चार चकरा मारल्या, तरी एक गुण नक्की. गाडी नक्की. वसंत नक्की.

पण तो गुण कायेतानच्या पडण्याचा असता. पुढल्या वर्षी पुन्हा फीत असेल, पुन्हा तो तिच्या वर जाण्याची वाट बघेल, आणि ल्युत्सेक वर्कशॉपच्या कोपऱ्यात साखळीला तेल घालत असेल. रेमेकला स्वतःची लाज वाटली. भीती तर होतीच. पण लाज भीतीपेक्षा बोटभर जास्त भरली.

त्याने फितीवरून नजर काढली आणि खांबावरच्या पट्टीकडे बघितलं.

ती थरथरली. बोटं सुटली. फीत अजून समोर होती, आडवी, पांढरी, छातीच्या उंचीवर, आणि त्याला स्पष्ट वाटलं की, झालं, गेलं, बाद. मग क्लचने धरलं. फीत त्याच्या शिरस्त्राणावरून उडाली आणि समोर काहीच नव्हतं. कुणाची पाठ नाही, कुणाची माती नाही, फक्त नुकतंच पाणी मारलेलं, ओलं, रिकामं वळण.

आपण ओरडतोय हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

दीड फेरी तो पहिला होता. मग झेनॉन आतून आला आणि हक्काने पुढे गेला, कारण झेनॉन तो झेनॉनच. स्टाव्नोच्या पोराने शेवटपर्यंत चाकाला चाक लावलं. रेमेकने त्याला आत येऊ दिलं नाही, बाहेरही जाऊ दिलं नाही. झेंडा पडला. दुसरा. दोन गुण.

मागे आला तेव्हा वालेरियन सिगारेट उलटी पेटवत होता. "आजीला चर्चला नेतोयस म्हटलं होतं ना मी?"

"आजी घाईत होती, काका."

वालेरियनने त्याच्या शिरस्त्राणावर टपली मारली आणि डोळे पुसायला तेलाचं फडकं घेतलं, त्यामुळे दिवसभर त्याचा चेहरा काळा राहिला. रेमेकने गाडी पुसून परत नेली. कायेतान मनगटाला फळी बांधून खोक्यावर बसला होता.

"क्लच कसा वाटला?"

"उशिरा धरतो."

"सांगितलं होतं की," कायेतान म्हणाला, आणि चांगल्या हाताने त्याचा हात दाबला.

सामना क्रोबिनने जिंकला की हरला, हे विचारलं तर रेमेकला आजही आठवून सांगावं लागतं. फाटकाशी जेनोवेफाबाईंनी त्याला अडवलं. हातात पत्रक. त्याच्या नावापुढे शाईचं शून्य, त्यावर इतक्या जोरात काट मारलेली की कागद फाटला होता.

"माझं पत्रक खराब केलंस, मेल्या," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते, पण तोंड थांबत नव्हतं. "सही कर इथे. भोकाच्या बाजूला." त्याने केली. मग त्यांनी माळेतला पाव सोडवून त्याच्या हातात कोंबला. "आज हा नुसता पाव आहे. खा."

तेओफिल फाटकापासून थोडे दूर, झाडाखाली उभे होते. ते मागे वर्कशॉपकडे कधीच येत नसत. दोघं घरच्या रस्त्याला लागले. बीटाची एक ट्रॉली गेली, दोघं कडेला सरकले, पुन्हा चालू लागले. रेमेकने पाव मोडून अर्धा त्यांना दिला. तेओफिलनी तो खाल्ला नाही, हातातच धरला.

"बाबा, पत्रक बघू?"

तेओफिलनी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. एरवी ते गुंडाळून हातात असायचं. काढावं की नाही अशा विचारात त्यांनी ते काढलं.

रेमेकने बारावी शर्यत शोधली. झेनॉन, तीन. आणि त्याच्या स्वतःच्या चौकटीत दोन होते. पण त्या दोनच्या शेजारी, आधी लिहिलेला आणि मग आडवी रेघ मारलेला, एक होता. बावीस वर्षांतली पहिली खाडाखोड.

"हा एक कधी लिहिलात?"

तेओफिलनी चालण्याचा वेग वाढवला.

"बाबा?"

"तिसऱ्या फेरीत," ते म्हणाले. "तू त्या पोराला बाहेरून मागे टाकलंस ना, तेव्हा. झेंडा कुठे होता अजून? मला कळलंच नाही, पेन कधी काढलं ते. लिहून टोपण लावलं, वर बघितलं, तर तू आडवा." त्यांनी वाटेतलं एक बीट बुटाने कडेला सारलं. "माझ्यामुळे पडलास तू. बावीस वर्षं हात आवरला आणि नेमका तुझ्याच वेळी..."

अख्ख्या मोसमाची शून्यं रेमेकच्या डोळ्यांसमोरून गेली, ती नीट, गोल, वळणदार. दर वेळी खिशातलं पेन या माणसाने किती घट्ट धरून ठेवलं असेल, ते आत्ता त्याला कळलं.

"मी पडलो नाही, बाबा," तो म्हणाला. "मी गाडी टाकली."

तेओफिलनी त्याच्याकडे बघितलं. मग मान हलवली आणि पत्रकाची नीट घडी घातली.

"बटाटे थंड होतील," ते म्हणाले. पण घडी कोटात गेली नाही. ती त्यांनी रेमेकच्या जॅकेटच्या खिशात ठेवली, वरून हाताने दाबली, आणि चालता चालता आपला अर्धा पाव खायला लागले.